काळवीट आणि काणी

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनापुढील भाषण)



सोलापूर जिल्हा हा ज्वारीचा जिल्हा होय. भीमा, सीना आणि माण या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी, ओल धरून ठेवणारी जमीन आणि भाद्रपद-आश्विनात येणारा परतीचा पाऊस यांच्या आधारावर येथील शाळू उभा राहतो. मंगळवेढ्यास ज्वारीचे कोठार म्हणतात. मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेले ‘मालदांडी ३५-१’ हे वाण महाराष्ट्रात व महाराष्ट्राबाहेरही रब्बी ज्वारीचे प्रमुख वाण ठरले. ज्या मुलास आपण शाळेत शिकवितो, त्याची भाकरी या पिकातून येते आणि त्याच्या घरच्या गुरांचा कडबाही याच पिकातून येतो.

या ज्वारीवर मनुष्याखेरीज इतरही अनेक जीव आपला वाटा सांगतात. त्यांपैकी दोघांची ओळख करून देणे आणि त्या दोघांची तुलना वर्गात कशी मांडावी याचा विचार करणे, हा या भाषणाचा विषय आहे. पहिला जीव म्हणजे माळावर कळपाने चरणारे काळवीट. दुसरा म्हणजे कणसात दाण्याच्या जागी काळी पूड भरणारी काणी. एक मोठा वन्य पशू आणि एक डोळ्यांस न दिसणारी बुरशी अशी ही जोडी प्रथमदर्शनी विजोड वाटेल. परंतु तुलना ही नेहमी सारख्या दिसणाऱ्या वस्तूंचीच करावयाची असा नियम नाही. दोन वस्तू एकाच प्रश्नाशी येऊन मिळत असतील, तर त्यांची तुलना अवश्य करावी. येथे तो प्रश्न असा आहे : शेतकऱ्याच्या खळ्यावर येणारे धान्य वाटेत कोण नेतो, आणि कसे?

प्रथम आकाराचा मुद्दा घेऊ. पूर्ण वाढलेल्या काळवीट नराचे वजन चाळीस किलोच्या आसपास भरते. त्याची पाठ काळी किंवा गडद तपकिरी, पोट पांढरे आणि शिंगे मळसूत्राप्रमाणे पिळदार असतात. मादीचा रंग फिकट तपकिरी असून तिला बहुधा शिंगे नसतात. व्यवहारात आपण त्याला हरिण म्हणतो, परंतु सांबर-चितळांची शिंगे फांद्यांची असून ती गळतात व पुन्हा येतात, तर काळविटाची शिंगे आयुष्यभर टिकतात. शास्त्रदृष्ट्या हा प्राणी कुरंगांच्या गटातला. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअस याने १७५८ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिले. आपल्या प्राचीन ग्रंथांत तो कृष्णसार या नावाने येतो. ज्या भूमीत कृष्णसार स्वभावतः संचार करतो ती भूमी यज्ञास योग्य, असे मनुस्मृतीने मानले आहे.

काणीला असा मान कोणत्याही ग्रंथाने दिलेला नाही. तिचा एक बीजाणू इतका लहान असतो की एका मिलिमीटरच्या रेघेवर शंभराहून अधिक बीजाणू मांडता येतील. कणसात दाण्याच्या ठिकाणी जी करडी-पांढरी, किंचित लांबट पिशवी दिसते, तिच्यात असे लक्षावधी बीजाणू काळ्या पुडीच्या रूपाने भरलेले असतात. ज्वारीवर दाणे काणी, मोकळी काणी, लांब काणी आणि झिपरी काणी असे चार प्रकार आढळतात. आजच्या विवेचनापुरता दाणे काणी हाच प्रकार घेतला आहे, कारण तिचा जीवनक्रम मुलांस समजावून देण्यास सोपा आणि व्यवहारास सर्वांत उपयोगी आहे.

दुसरा मुद्दा अन्नाचा. वनस्पती सूर्यप्रकाशात आपले अन्न स्वतः तयार करते. काळवीट ते करू शकत नाही, आणि काणीही करू शकत नाही. दोघेही दुसऱ्याने सिद्ध केलेल्या अन्नावर जगतात. येथवर दोघांत साम्य आहे. भेद आहे तो खाण्याच्या रीतीत. काळवीट गवत तोडते, गिळते, मग सावलीत किंवा उघड्या माळावर बसून रवंथ करते. त्याचे अन्न पोटात जाते व पोटात पचते. बुरशीला तोंडही नाही आणि पोटही नाही. ती आपले बारीक तंतू अन्नात शिरविते, पाचक रस बाहेर सोडते, आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. काळवीट अन्न आत घेऊन पचविते. बुरशी ते बाहेर पचवून आत घेते. एवढे एक वाक्य मुलांच्या ध्यानात राहिले, तरी प्राणी आणि बुरशी यांतील मुख्य भेद त्यांना कळला असे समजण्यास हरकत नाही.

येथे एक चमत्कारिक गोष्ट मुलांस सांगण्याजोगी आहे. गवताच्या काड्यांत जो चिवट भाग असतो, तो रवंथ करणाऱ्या जनावराला स्वतःच्या रसांनी पचविता येत नाही. त्याच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात राहणारे सूक्ष्म जीव ते काम करतात. या सूक्ष्म जीवांत काही बुरश्याही असतात, आणि त्या हवेतील प्राणवायूवाचून जगतात, ही गोष्ट इंग्लंडमधील कॉलिन ऑर्पिन या शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मेंढ्यांवरील अभ्यासातून दाखवून दिली. गाय, म्हैस, शेळी यांच्याप्रमाणे रानातील रवंथ करणाऱ्या पशूंतही त्या आढळतात. म्हणजे एक बुरशी ज्वारीचा दाणा नासविते, तर दुसऱ्या बुरश्या जनावरास गवत पचविण्यास साहाय्य करतात. ‘बुरशी’ या शब्दावर सरसकट वाईटाचा शिक्का मारणे किती चुकीचे आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

तिसरा मुद्दा नात्याचा. जुन्या पाठ्यपुस्तकांत बुरशीची गणना वनस्पतींत केलेली असे. ती हालचाल करीत नाही, एका जागी वाढते, म्हणून तसे मानले गेले. १९६९ मध्ये व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या आणि बुरशीला वनस्पतींपासून वेगळे स्थान दिले. पुढे पेशींतील आनुवंशिक द्रव्यांची तुलना करता आली, तेव्हा १९९३ मध्ये असे दिसून आले की बुरशीचे नाते वनस्पतींपेक्षा प्राण्यांशी अधिक जवळचे आहे. बुरशी आपला साठा पिठुळ पदार्थाच्या रूपाने न ठेवता प्राण्यांच्या यकृतात असतो तशा पदार्थाच्या रूपाने ठेवते, आणि तिच्या पेशीभित्तिकेत जे द्रव्य असते तेच खेकड्याच्या व किड्यांच्या कवचातही असते. तात्पर्य, शेताच्या बांधावरील काळवीट आणि कणसातील काणी हे दोघे ज्या ज्वारीवर जगतात, तिच्यापेक्षा एकमेकांस अधिक जवळचे आहेत.

चौथा मुद्दा येण्याजाण्याचा, आणि सर्व विवेचनाचे मर्म याच मुद्द्यात आहे.

काळवीट शेतात येते ते दिसते. ते बहुधा कळपाने येते, कोवळे कोंब किंवा हरभऱ्याचे शेंडे खाते, आणि माणसाची चाहूल लागताच उड्या मारीत माळाकडे पळते. जमिनीवर खुरांचे ठसे राहतात, लेंड्या राहतात, तुटलेली ताटे राहतात. शेतकरी सकाळी बांधावर येतो तेव्हा नुकसान त्याच्या समोर असते, आणि ते कोणी केले याविषयी त्याच्या मनात शंका नसते. त्याचा संताप स्वाभाविक आहे. ज्याचे शेत माळाला लागून आहे त्या कोरडवाहू शेतकऱ्याचे नुकसान कित्येकदा मोठे असते, आणि ते कमी लेखणे हे शिक्षकास शोभणारे नाही.

काणी येते ती मात्र कोणासही दिसत नाही. आदल्या वर्षी मळणीच्या वेळी काणीच्या पिशव्या फुटतात. त्यांतील काळी पूड खळ्यावर उडते आणि निरोगी दाण्यांवर जाऊन बसते. तेच दाणे बियाणे म्हणून कणगीत किंवा पोत्यात राहतात, आणि कोरड्या जागेत बीजाणूही जिवंत राहतात. पेरणीच्या दिवशी घरची माणसे चाड्यावर मूठ धरतात. त्या मुठीतून दाण्याबरोबर काणीही जमिनीत उतरते. ओल मिळताच दाणा रुजतो, त्याच वेळी बीजाणूही रुजतो, आणि कोंब जमिनीवर येण्यापूर्वीच बुरशीचा तंतू त्याच्यात शिरतो. पुढे दोन-तीन महिने ताट आणि बुरशी एकत्र वाढतात. ताट हिरवेगार दिसते. पाहणाऱ्याला कसलीही शंका येत नाही. कणीस बाहेर पडते तेव्हा त्यात दाण्याऐवजी काणी असते. त्या वेळी करण्यासारखे फार थोडे उरलेले असते.

म्हणजे काळवीट रानातून शेतात येते, तर काणी घरातून शेतात जाते. काळविटाला आपण हाकलतो. काणीला आपण स्वतःच्या हाताने पेरतो.

हा भेद ज्ञात होण्यास मनुष्यजातीला पुष्कळ काळ लागला. गव्हावर अशाच प्रकारची एक काणी पडते. तिच्याविषयी युरोपात नाना समज होते. कोणी धुक्याला दोष देत, कोणी खताला. फ्रान्समध्ये तिये नावाच्या गृहस्थाने वाफे पाडून प्रयोग केले आणि काळी पूड लावलेल्या बियाण्यापासून रोगट कणसे अधिक येतात हे १७५५ मध्ये प्रसिद्ध केले. तथापि ती पूड सजीव आहे हे त्याला उमगले नाही. ते दाखविले बेनेदिक्त प्रेव्हो याने, १८०७ मध्ये. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू रुजताना पाहिले. तांब्याच्या भांड्याशी संपर्क आलेल्या पाण्यात ते नीट रुजत नाहीत, हे त्याच्या दृष्टीस पडले, आणि त्यावरून मोरचुदाच्या पातळ द्रावणाने बियाणे सुरक्षित करण्याचा उपाय त्याने सुचविला. हिंदुस्थानातील पिकांच्या बुरशीजन्य रोगांचा पद्धतशीर अभ्यास बटलर या शास्त्रज्ञाने केला व त्यावरील त्याचा ग्रंथ १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. यांपैकी कोणाजवळही प्रथम जादूची विद्या नव्हती. त्यांनी वाफे पाडले, मोजले, आणि पुन्हा मोजले.

पाचवा मुद्दा उपायाचा. काळविटापासून राखण करावयाची तर जागरण करावे लागते, कुंपण घालावे लागते. आपल्याकडे ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी घालण्याची चाल जुनी आहे. करडई वाढली म्हणजे तिचे काटे जनावरांस अटकाव करतात. इतके करूनही नुकसान झाले, तर वनखात्याकडे वेळेत अर्ज करून पंचनामा करून घेणे आणि नियमाप्रमाणे भरपाई मागणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. प्राण्यास मारणे हा मात्र उपाय नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने काळविटाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले असून त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे.

काणीचा उपाय याहून किती तरी सोपा आहे. पेरणीपूर्वी एक किलो बियाण्यास तीनशे मेशची, म्हणजे अतिशय बारीक केलेली, गंधकाची पूड चार ग्रॅम या प्रमाणात चोळावी, अशी शिफारस आहे. चार ग्रॅम म्हणजे सपाट भरलेल्या लहानशा चमच्याएवढी पूड. ज्या शेतात काणीची कणसे दिसतील तेथे ती मळणीपूर्वी, पिशव्या फुटू न देता, फडक्याच्या पिशवीत काढून घ्यावीत व शेताबाहेर जाळावीत. बियाणे निरोगी कणसांचे निवडावे. गंधक चोळण्याचे काम वडील माणसांनीच करावे आणि चोळलेले बियाणे माणसांच्या किंवा जनावरांच्या खाण्यात येऊ देऊ नये, ही सूचना मुलांमार्फत घरोघर अवश्य पोचवावी.

मात्र हा उपाय दाणे काणीचा आहे, सर्व रोगांचा नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. रब्बी ज्वारीवर पडणारा खडखड्या हाही बुरशीचाच रोग. त्याची बुरशी जमिनीत असते. फुलोऱ्यानंतर जमिनीतील ओल तुटली की ती ताटाच्या बुडख्यात जोर करते, ताटे आतून पोकळ होऊन लोळतात, आणि दाणा व कडबा दोन्हींची हानी होते. तेथे ओल टिकविणे हाच मुख्य आधार. शत्रू वेगळा, त्याची वाट वेगळी, म्हणून उपायही वेगळा.

सहावा आणि शेवटचा मुद्दा निसर्गातील स्थानाचा. सोलापूरच्या उत्तरेस नान्नज येथे आणि आसपासच्या तालुक्यांत जे गवताळ माळ आहेत, त्यांच्या रक्षणासाठी १९७९ मध्ये माळढोक अभयारण्याची स्थापना झाली. ज्या पक्ष्याचे नाव या अभयारण्यास मिळाले, तो आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे. काळविटांचे कळप मात्र अजूनही तेथे चरताना दिसतात. गवत, गवत खाणारे काळवीट आणि काळविटावर जगणारा लांडगा अशी ही साखळी आहे. माळ म्हणजे पडीक, निरुपयोगी जमीन असे समजून तो नांगरला गेला, तेथे घरे-कारखाने उठले किंवा त्यावर झाडांची दाट लागवड झाली, की चरणाऱ्या प्राण्याची जागा जाते. मग तो जवळच्या शेतात शिरतो. पिकातील काळविटाकडे पाहताना गेलेल्या माळाचीही आठवण ठेवावी लागते.

बुरशीचीही निसर्गात जागा आहे. पडलेला पाला, वाळलेले लाकूड, जनावरांचे शेण यांचे मातीत रूपांतर करण्याच्या कामी नाना प्रकारच्या बुरश्यांचा मोठा वाटा असतो. बुरशी नसती तर मेलेल्या वस्तूंचे ढीग साचले असते आणि जमिनीचा कस परत आला नसता. ज्वारीवरील काणीने मात्र आपला संसार पिकावरच थाटला आहे. तिला शेतातून दूर केल्याने माळाचे काही बिघडत नाही. काळविटाचा नाश केला तर माळाची साखळी तुटते. म्हणून दोघांशी वागण्याची रीत एक असू शकत नाही.

हा पाठ वर्गात कसा घ्यावा? पुस्तकातून तो पुरेसा समजणार नाही. पौष-माघात कणसे भरली म्हणजे शिक्षकाने मालकाची परवानगी घेऊन चौथी-पाचवीच्या मुलांना जवळच्या शेतावर न्यावे. मुलांच्या दोन तुकड्या कराव्यात. एका तुकडीने बांधालगतची शंभर ताटे पाहावीत, दुसरीने शेताच्या मध्यभागातील शंभर. प्रत्येक ताटासाठी पाटीवर एक खूण : कणीस निरोगी, जनावराने खाल्लेले, की काणीचे. काणीच्या कणसाला मुलांनी हलवू नये, नुसते पाहावे. शाळेत परतल्यावर दोन्ही पाट्या शेजारी मांडून बेरजा कराव्यात.

नंतर गणिताच्या तासाला त्याच आकड्यांवर उदाहरण घालावे. समजा, शंभर कणसांत चार काणीची निघाली. शंभरात चार म्हणजे पंचविसांत एक. ज्या शेतात पंचवीस पोती व्हावयाची, तेथे चोवीस पोती घरी आली. पंचविसावे पोते कोणी नेले? ते नेणाऱ्याच्या पायांचा ठसा शेतात कोठेही सापडणार नाही. एखाद्या शेतात उलटही निघेल. तेथे काणी नसेल आणि बांधाकडील ताटे जनावराने फस्त केलेली असतील. जे निघेल ते लिहावे. शिक्षकाने आधीच उत्तर ठरवून मुलांस शेतावर नेले, तर तो प्रयोग न राहता पाठांतर होईल.

या पाठातून मुलांनी शास्त्रीय नावे पाठ केली नाहीत तरी चालेल. त्यांनी एक सवय उचलली म्हणजे पुरे : जे मोठे आहे आणि डोळ्यांसमोर आहे त्याच्यावर दोष ठेवण्यापूर्वी मोजून पाहण्याची. ही सवय ज्वारीपुरती राहत नाही. गावातील विहिरीच्या पाण्याने माणसे आजारी पडतात तेव्हा, वर्गातील एखादा मुलगा मागे पडतो तेव्हा, घरचा खर्च भागेनासा होतो तेव्हा, कारण बहुधा लहान, शांत आणि आपल्याच हातून आत आलेले असते. आपण मात्र बांधावर उभ्या असलेल्या कोणावर तरी ओरडत असतो.

येत्या आश्विनात पेरण्या सुरू होतील. त्यापूर्वी प्रत्येक शाळेच्या फलकावर दोन ओळी लिहिलेल्या असाव्यात : एक किलो बियाण्यास किती गंधक, आणि वन्य प्राण्याने नुकसान केल्यास अर्ज कोठे करावयाचा. पहिली ओळ काणीसाठी आणि दुसरी काळविटासाठी. मुलांनी त्या घरी वाचून दाखविल्या, घरच्यांनी चाड्यावर मूठ धरण्यापूर्वी त्या ऐकल्या, आणि हिवाळ्यात त्याच मुलांनी शंभर कणसे पुन्हा मोजली, तर शाळेने आपल्या गावाच्या भाकरीचे थोडे ऋण फेडले, असे म्हणता येईल.